सायबाची वाट

नोव्हेंबर महिना सरत आला, भाताची कापणी आटोपून खळी रिकामी झाली आणि पहाटेच्या हवेत जरासा गारवा उतरू लागला, की सावंतवाडी-बांद्याकडून, कारवाराकडून आणि घाटावरच्या बेळगाव-खानापूर भागातून पायी निघालेल्या माणसांची लहानमोठी पथके गोव्याच्या रस्त्यांवर दिसू लागतात. कोणाच्या हातात जपमाळ असते, कोणाच्या खांद्यावर लाकडी क्रूस. पायांत साध्या वहाणा आणि पाठीवर एकदोन मुक्कामांपुरते अंथरूण. वाटेत कोणी विचारले, तर 'सायबाच्या फेस्ताक' एवढेच उत्तर मिळते. हा सायब म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला कोणी अंमलदार नव्हे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका ओसाड बेटावर ज्यांनी प्राण सोडला, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना गोमंतकीय जनता 'गोंयचो सायब' या नावाने ओळखते. आणि त्यांचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत ठेवलेला आहे.

पावणेपाचशे वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या एका माणसाच्या सुकलेल्या देहापाशी जाऊन जिवंत माणसे मरणापलीकडच्या जीवनाची आशा बाळगतात, ही गोष्ट, देह पंचमहाभूतांत विलीन करून मोकळे होणाऱ्या आपल्या बहुसंख्य समाजाला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. पुष्कळांनी तिचा उलगडा 'न कुजणारा देह' या एका शब्दप्रयोगात केला आहे आणि तेवढ्यावर समाधान मानले आहे. परंतु ज्या श्रद्धेच्या पोटी ही यात्रा भरते, तिचा विचार थोडा खोलात जाऊन केला म्हणजे ध्यानात येते, की या आशेचा पाया देहाच्या टिकण्यावर मुळी घातलेलाच नाही.

यात्रेकरू ज्या गावी पोचतात ते गावच आधी पाहावे. पणजीहून रायबंदरचा बांध ओलांडून, उजव्या हाताला खाजणे व मिठागरे आणि डाव्या हाताला मांडवी ठेवीत पूर्वेकडे गेले, की जी भव्य मंदिरे एकाएकी झाडीतून वर येतात, ती एका मृत राजधानीची मंदिरे आहेत. सोळाव्या शतकात ज्या शहराच्या वैभवाची वर्णने युरोपपर्यंत पोचली होती, ते शहर साथींच्या रोगांनी पोखरले गेले; १७५९ साली व्हाइसरॉयाने आपला मुक्काम पणजीस हलविला आणि १८४३ मध्ये राजधानीचा मानही रीतसर पणजीकडे गेला. हवेल्या, बाजार, वखारी, कचेऱ्या सारे नाहीसे झाले. संत ऑगस्टिनच्या मठाचे छत १८४२ साली कोसळले आणि आज त्याच्या मनोऱ्याचा एक भग्न भाग तेवढा उभा आहे. ज्या नगरात राहणारे फारसे कोणी उरले नाही, तेथे वर्षानुवर्षे लाखो लोक जातात, ते चिरंतन जीवनाचे मागणे मागण्यासाठी.

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार देशातील एका गढीत, खानदानी कुळात झाला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असताना इग्नेशियस लोयोला यांची गाठ पडली आणि विद्वत्तेच्या मार्गाने मानमरातब मिळविण्याची आकांक्षा धरलेल्या या तरुणाचे आयुष्य पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांची शपथ घेतली; त्यांतूनच पुढे येशूसंघ उभा राहिला आणि १५४० साली त्यास पोपची मान्यता मिळाली. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील मुलखासाठी धर्मोपदेशक मागितले, तेव्हा ज्याची नेमणूक झाली होती तो आजारी पडला आणि ऐनवेळी झेवियर यांस रवाना करण्यात आले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढच्या दहा वर्षांत या माणसाने जो प्रवास केला, तो त्या काळाची जहाजे, वारे आणि रोगराई ध्यानात घेता थक्क करणारा आहे : तामिळ किनाऱ्यावरील मोती काढणाऱ्या परव कोळ्यांच्या वस्त्या, मलाक्का, मसाल्याची मोलुक्का बेटे आणि १५४९ साली जपानातील कागोशिमा.

जपानी लोक चीनला गुरुस्थानी मानतात हे पाहून, चीन गाठल्यावाचून आपले काम पुरे होणार नाही असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी परकीयांस चीनमध्ये प्रवेशाची सक्त मनाई होती. तेव्हा कॅन्टनपर्यंत चोरून पोचविण्याचे कबूल केलेल्या एका चिनी व्यापाऱ्याची वाट पाहत ते शांगछुआन बेटावर थांबले. पोर्तुगीज लोक या बेटास सांशियन म्हणत. व्यापारी आला नाही. ज्वर आला. समोर चीनची भूमी दिसत असताना, गवताच्या एका खोपटात, आंतोनियो नावाचा एक चिनी सोबती उशाशी असताना, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. ज्या कामासाठी ते तेथवर गेले होते, ते आरंभही न होता राहिले.

देहाचा प्रवास तेथून सुरू झाला. मांस लवकर झडून जावे आणि हाडे पुढेमागे नेता यावीत या व्यवहारी हेतूने पेटीत चुना भरून त्यांना पुरण्यात आले होते; परंतु १५५३ च्या फेब्रुवारीत पेटी उघडली, तेव्हा देह शाबूत आढळला. तो मलाक्क्यास नेला, तेथे काही महिने पेटीवाचून मातीत पुरला, पुन्हा काढला, आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यास आणला, तेव्हा बंदरावर लोटलेल्या गर्दीने शहराचा नूर पालटून गेला. दर्शनाच्या निमित्ताने वाकलेल्या एका भाविक स्त्रीने पायाचे बोट दातांनी तोडून घेतल्याची आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. १६१४ साली येशूसंघाच्या प्रमुखाच्या आज्ञेवरून उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वेगळा करून रोमला पाठविण्यात आला. तो तेथील जेझू मंदिरात आहे. १६२२ साली त्यांस संतपद जाहीर झाले आणि त्यानंतर लवकरच देह बॉम जेझस मंदिरात आला. गोव्याच्या कारागिरांनी घडविलेली चांदीची मंजूषा १६३७ ची. तिच्याखालचे संगमरवरी समाधिस्थान टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून करवून घेऊन धाडले आणि ते १६९८ साली येथे जोडण्यात आले. संताच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाल्याबद्दलचा हा मोबदला होता, असे सांगतात.

देहाचे जाहीर दर्शन ही मात्र आरंभापासूनची प्रथा नव्हे, आणि तिच्या उगमाशी भक्तीइतकाच संशयही आहे. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने येशूसंघाची गोव्यातून हकालपट्टी केली. जाता जाता जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघीयांनी, खरा देह नेऊन दुसराच कोणाचा ठेवला, अशी आवई उठली. तिचा निकाल लावण्यासाठी १७८२ साली मंजूषा उघडून देह लोकांपुढे ठेवण्यात आला. जो सोहळा आज श्रद्धेचा कळस मानला जातो, त्याचा जन्म एका परीने पंचनाम्यातून झाला, असेच म्हणावे लागेल. एकोणिसाव्या शतकापासून दर्शनाचे सोहळे पुनःपुन्हा होत गेले. १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि भारतभूमीवर पाऊल ठेवणारे पहिले पोप म्हणून सहावे पॉल तेथे आले, त्याच हंगामात गोव्यातही दर्शन खुले होते. तेव्हापासून दर दहा वर्षांचा क्रम मोडलेला नाही. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. अशा सोहळ्याच्या वेळी देह बॅसिलिकेतून काढून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. एरवीच्या वर्षी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची नोव्हेना आणि ३ डिसेंबरला फेस्त, असा परिपाठ असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅथलिक श्रद्धा मरणाविषयी नेमके काय सांगते? मनुष्यास जन्म एकच. मरणानंतर प्रत्येक आत्म्याचा न्याय होतो. जो पूर्ण शुद्ध आहे तो ईश्वरदर्शनास पात्र ठरतो. ज्याने ईश्वरास हेतुपुरस्सर नाकारले तो त्यास कायमचा अंतरतो. आणि ज्याच्या ठायी भक्ती आहे, पण दोषही शिल्लक आहेत, तो काही काळ शुद्धिस्थानात राहून निर्मळ होतो. परंतु एवढ्यावर ही कल्पना संपत नाही, आणि येथेच तिचे वेगळेपण आहे. काळाच्या शेवटी मृतांचे पुनरुत्थान होईल आणि मनुष्य सदेह, सगळाच्या सगळा, नव्या जीवनात उभा राहील, असे ख्रिस्ती माणूस दर रविवारी उच्चारलेल्या विश्वासघोषणेत कबूल करतो. नुसता आत्मा अमर आहे, एवढे म्हणून त्याचे भागत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात या गोष्टीसाठी पेरलेल्या दाण्याची उपमा योजली आहे : दाणा मातीत नाहीसा होतो, उगवते ते त्याच दाण्याचे, पण रूप सर्वस्वी निराळे. ज्याची भाताची खळी नुकतीच आवरली आहे, त्या शेतकऱ्याला ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही.

आपल्या परंपरेत देह हे जीर्ण वस्त्र आहे. ते टाकून आत्मा पुढे जातो आणि टाकलेल्या वस्त्राविषयी शोक करण्यात अर्थ नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ख्रिस्ती दृष्टीत देहाचे नाते वस्त्राचे नाही. ज्या हातांनी रोग्याची जखम धुतली आणि जे पाय उपाशीपोटी गावोगाव हिंडले, ते त्या माणसाचेच होते आणि वचनही त्यांच्यासकट दिलेले आहे. म्हणून पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारांतून हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी जमत, आणि म्हणूनच संतांचे पुण्यावशेष वेदीखाली ठेवण्याची चाल पडली. अवशेषाची पूजा करावयाची नसते. पूजा एका परमेश्वराची. अवशेषाला मान द्यावयाचा, तो ज्या देहाला पुढे उठावयाचे आहे त्याची खूण म्हणून.

येथे एक शंका साहजिकच निघते. देहाला एवढे महत्त्व असेल, तर तो जळाला, बुडाला, मातीस मिळाला म्हणजे आशाही बुडाली काय? याचे धर्मपीठाने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. पुष्कळ काळ ख्रिस्ती समाजात दहन निषिद्ध होते. १९६३ साली रोमने ही मनाई उठविली. पुनरुत्थान ईश्वराच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, हाडांच्या शिलकीवर नव्हे, हा त्यामागचा विचार. देह न कुजणे ही श्रद्धेची अट नाही, पुरावाही नाही. झेवियर यांचा देह तरी आज काय आहे? सुकलेला, आक्रसलेला, हात नसलेला, काचेआड ठेवलेला. काळाने त्याच्यावर आपला अंमल बजावलाच आहे, आणि हे पाहून एकाही यात्रेकरूची श्रद्धा डळमळत नाही. कारण तो जे पाहण्यास आलेला असतो, ते काचेत नसते.

तीर्थयात्रेची कल्पनाही याच आशेतून समजून घ्यावी लागते. कॅथलिक परंपरेत जिवंत, शुद्धिस्थानातील आत्मे आणि स्वर्गस्थ संत हे सारे मिळून एकच कुटुंब मानले आहे. त्यास संतजनांची सहभागिता म्हणतात. मृताकरिता जिवंतांनी प्रार्थना करावी आणि जिवंतांकरिता संतांनी मध्यस्थी करावी, असा हा व्यवहार. २ नोव्हेंबरला वसईपासून काणकोणपर्यंत थडगी झाडून, फुले वाहून मेणबत्त्या लावतात, आणि तोच महिना संपता संपता लोक सायबाच्या वाटेला लागतात, या क्रमात मोठे औचित्य आहे. कित्येकांच्या पावलांत त्या वर्षी गेलेल्या आईचे किंवा भावाचे स्मरण असते. पापाची क्षमा झाल्यानंतरही जो दंड भोगावयाचा राहतो, त्यात प्रार्थना, यात्रा व परोपकार यांच्या योगे माफी मिळते आणि ती मृतांच्या खाती अर्पण करता येते, अशी धारणा आहे. या माफीचा एके काळी बाजार मांडला गेला, त्याविरुद्ध १५१७ साली ल्यूथरने आवाज उठविला आणि युरोपची धर्मव्यवस्था दुभंगली; पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तीतील द्रव्यलोभास आळा घातला. यात्रेशी या माफीचे नाते मात्र राहिले. १३०० साली आठवे बोनिफेस यांनी रोमच्या यात्रेचे पहिले महोत्सवी वर्ष जाहीर केले. अगदी अलीकडचे महोत्सवी वर्ष गोव्यातील दर्शनसोहळा चालू असतानाच, २४ डिसेंबर २०२४ रोजी आरंभले, आणि त्याचे बोधवाक्य 'आशेचे यात्रेकरू' हे होते.

ही आशा मराठी भाषेस परकी राहिलेली नाही. झेवियर यांचा देह गोव्यास येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट तेथे आला. त्याने येथील भाषांचा कसून अभ्यास केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचून १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापविले. ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान सांगताना त्याने आपल्या संतांचाच ओवी छंद घेतला आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत वापरला. पुराण ऐकण्याची सवय जडलेल्या नवख्रिस्ती गोमंतकीयाला मरणापलीकडच्या जीवनाची वार्ता अशी ओळखीच्या चालीत कानी पडली.

श्रद्धेचा इतिहास सांगताना तिची काळी बाजू दडविणे हा अप्रामाणिकपणा होईल. गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे, अशी मागणी खुद्द झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रात केली होती. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, स्थापन झाले आणि मधला अल्प खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या जाचाने कित्येक कुटुंबे देशोधडीस लागली. मंदिरे पडली, देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले. इतक्या कटू आठवणी असलेल्या भूमीत फेस्ताच्या रांगेत हिंदू भाविकही उभे राहतात आणि नवस फेडतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. इतिहासाचा हिशेब आणि भक्तीचा हिशेब या दोन वह्या लोकांनी निरनिराळ्या ठेवल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या वहीकडे काणाडोळा करण्याचा अधिकार मात्र दुसरीने कोणास दिलेला नाही.

फेस्ताच्या दिवशी बॅसिलिकेबाहेरच्या आवारात मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, लहान मुलांच्या आकृती विकावयास असतात. ज्याचा जो अवयव दुखतो, तो तो मेणाचा अवयव आणून वाहतो. पलीकडच्या जत्रेत खाजे, चणे, कपडे आणि भांडी यांची गर्दी. मरणोत्तर जीवनाची आशा बाळगणारी ही माणसे गुडघेदुखीची, परीक्षेची, रखडलेल्या लग्नाचीही गाऱ्हाणी त्याच वेदीपुढे मांडतात, याचे एखाद्या तत्त्वज्ञास हसू येईल. पण ज्या धर्माने स्वर्गाचे वचन देहासकट दिले, त्याच्या अनुयायांनी देहाची दुखणी त्याच्यापुढे न्यावीत, यात विसंगती कोणती?

जुन्या गोव्यास जाणाऱ्याने, मग तो श्रद्धाळू असो वा केवळ जिज्ञासू, एक गोष्ट आवर्जून करावी. समाधिस्थानापाशी गेल्यावर सर्वांच्या नजरा वरच्या चांदीच्या मंजूषेकडे लागलेल्या असतात. आपण मात्र नजर खाली आणून संगमरवरात बसविलेल्या चार कांस्यपटांकडे पाहावे. फोज्जिनीने त्यांत संताच्या आयुष्यातील प्रसंग घडविले आहेत, आणि एका पटावर सांशियन बेटावरचे मरण आहे. त्या खोपटात पडलेल्या माणसाला आपला देह गोव्यास जाणार, तो पाहण्यास शतकानुशतके माणसे रांगा लावणार, यातले काहीही ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की व्यापारी आला नाही आणि चीन राहून गेला.